उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना उघड पत्र

मामा, स.न.वि.वि.

दागिन्यांच्या कामाचं माझं बॅटरीवरचं रोटरी टूल तुम्ही चालू करून दिलंत, मजुरी घेतलीत. व्यवहार तिथंच मिटला. तरी लिहितोय, कारण आभार नीट मानायचे राहून गेलेत.

आधीच्या दोघा मिस्त्र्यांचं मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. एकानं बॅटरी पॅकच्या, करंट जोडणाऱ्या पत्र्यांना पॉलिश पेपर मारला, वर गंजाचा स्प्रे मारला, ‘झालं, न्या.’ पेपरनं निकेलचा मुलामाच गेला आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत खालचं लोखंड लगेच तांबारलं. दुसऱ्यानं मीटरवर ७.२ व्होल्ट दाखवले आणि मोटर जळाली म्हणून नवीन घ्यायला सांगितलं. अहो, मीटरला करंट लागतो कितीसा? कनेक्शन खराब असलं तरी आकडा पूर्ण दिसतोच.

तुम्ही मोटर चालू ठेवून मीटर लावलात, तर आकडा धाडकन खाली. मग निगेटिव्हची वायर घेतलीत. वरून अगदी नवी. ती इंचभर सोलून माझ्या डोळ्यांपुढं धरलीत, आत तांबं काळंठिक्कर. निकेल-कॅडमियम सेलमधून पाझरलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड निगेटिव्हच्याच बाजूनं तारांच्या फटीतून स्विचपर्यंत सरकतं आणि असल्या काळ्या तारेला सोल्डर धरत नाही. आणखी सोललीत, तरी लाल तांबं लागेना, तेव्हा अख्खी वायर बदललीत. न दाखवता बदलली असती तरी मला काय कळणार होतं? पण दाखवलंत. तेवढ्या इंचभर वायरीसाठी हे पत्र आहे, मामा.

बाकीचं कामही तसंच. पत्र्यांवरची पांढरी भुकटी अल्कली, म्हणून कापसाच्या काडीनं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबणं. (खायचा सोडा लावणाऱ्यांनो, तो ऍसिडच्या बॅटरीला!) १.२ व्होल्टचे सहा नवे सेल निकेलच्या पट्टीनं स्पॉट वेल्डिंग करून जोडलेत. सेलवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की उष्णतेनं आतलं सील जातं. ‘लिथियम घाला की’ म्हटल्यावर, चार्जर निकेलचा आहे, पेट घेईल, म्हणून सरळ नाही म्हणालात. महागडं काम स्वतःहून नाकारणारा कारागीर हल्ली कुठं भेटतो? बिट पकडणारा गंजलेला कोलेटही बदललात, कारण बिट जरा जरी थरथरलं तरी कोल्हापुरी साजाच्या पानावर ओरखडा उठतो. जुन्या सेलच्या टोकांना टेप लावून ते वेगळे ठेवलेत, कॅडमियम विषारी म्हणून. हे तर कुणी बघतही नव्हतं.

काम नसलं की पॅक टूलमधून काढूनच ठेवतोय.

शेजारच्या दुकानातलं टूल पाठवतोय. त्याच्याही पत्र्यांवर पांढरं धरलंय, आणि त्यांनी सोडा लावून झालाय.

आपला,
गुजरीतला एक गिऱ्हाईक