दांडीवरचा ‘नाच’

सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या आठवडे बाजारात पोपटाची पिल्ले अजूनही विकायला येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार देशी पोपट पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे घेणाऱ्याच्या गावीही नसते. राघू थव्याने राहणारा, लांबलांब उडणारा पक्षी. एकटा कोंडला की तासन्‌तास मान हलवतो, त्याच दांडीवर येरझाऱ्या घालतो, स्वतःचीच पिसे उपटतो. घरच्यांना वाटते, नाचतोय!

माणसाचेही वेगळे नाही. सलग 15 दिवसांहून अधिक एकांतकोठडी संयुक्त राष्ट्रांच्या कैद्यांविषयीच्या 2015 च्या मंडेला नियमांनी निषिद्ध ठरवली आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, सानेगुरुजींनी ती टिपून घेतली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण तिथे ऐकायला माणसे होती, हे कोणी सांगत नाही.

वन विभागाने बाजाराच्या दिवशी एक फेरी मारावी. आणि ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी तो परस्पर उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला बाहेर चारा शोधता येत नाही. तो वन विभागाकडेच सोपवावा.

– एक शिक्षिका, यावल (जि. जळगाव)