डबा काकूंना

काकू, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, सूनबाई वाचून दाखवेल. तिला म्हणावं सावकाश वाच, मधलं गाळू नको. चार वर्षं तुमच्या हातचं जेवले आणि तुमचं नाव कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. फोनमध्ये तुम्ही अजूनही ‘डबा काकू’च आहात. एप्रिलमध्ये गुडघ्यांपायी मेस बंद करताय म्हणून फोन केलात, तेव्हा मी ‘बरं काकू, तब्येत सांभाळा’ एवढंच म्हणाले. उरलेलं इथे सगळ्यांसमोर लिहिते. नागपुरात असंच दुखणं घेऊन एकटं राहणारं आणखी कोणी असेल, त्याच्याही कामी येईल.

आधी माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं होतं. ते आपोआप निवळलं. मग काही महिन्यांनी बोटांना मुंग्या आल्या, पाय जड झाला. एमआरआय झालं, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि निदान आलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खाते, वायरीचं प्लास्टिक सोलल्यासारखं. घरमालकालाही मी हे सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते डब्यावरून कळलं.

“काहून वो पोरी, तीन दिवस झाले, डबा जसाच्या तसा वापस येऊन राहिला. मीठ जास्त होते का?” मी थाप मारली, ऑफिसात पारटी होती म्हणून. चौथ्या दिवशी तुम्ही तेच दुखरे गुडघे घेऊन दोन जिने चढून आलात. दार उघडंच होतं. मी खाली बसून चमच्याच्या दांड्याने डब्याची कडी उचकटत होते. बोटं बधिर, कडीवर किती जोर पडतोय तेच कळेना. तुम्ही डबा घेतलात, अंगठ्याने टक्कन उघडलात, पुढ्यात सरकवलात आणि माझं जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिलात. एक प्रश्न नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा डबा बिनकडीचा आला, रुंद, सैल झाकणाचा, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. पोळीऐवजी भाकर, तीही तुकडे करून. बोटं जरा बरी झाल्यावरही तुम्ही ती गाठ बदलली नाहीत.

मग हळूहळू विचारलंत. पहिलाच प्रश्न, “लहानपणी लाखोळीची डाळ लय खाल्ली का वो?” तेव्हा मला हसू आलं, पण प्रश्न अडाणी नव्हता. महिनोन् महिने लाखोळीवरच पोट भरलं तर पाय कायमचे ताठरतात, आपल्या पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांनी हे पाहिलेलं आहे. माझं दुखणं त्यातलं नाही, एवढंच.

आपलं भांडण झालं ते गुळवेलीच्या काढ्यावरून. प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून तुम्ही बाटली भरून पाठवलीत आणि मी फोनवर ओरडले, की माझी प्रतिकारशक्तीच चळली आहे, तिला आणखी काय पाजू! शिवाय माझ्या गोळ्यांमुळे यकृताची तपासणी करत राहावी लागते, तिथे काढे नकोत. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी, नातवाच्या अक्षरात: ‘काय चालते अन् काय नाही ते लिहून दे.’

काकू, मी त्या काळात रात्र रात्र जागी असायचे. स्टिरॉइडची सलाईन पाच दिवस घेतली की झोप उडते, भूक मात्र राक्षसासारखी लागते. त्या जागरणात मी जगभरचे आहार वाचून काढले. कोणी गहू सोडा म्हणतं, कोणी दूध. अमेरिकेतले डॉ. रॉय स्वँक यांनी १४४ रुग्णांना तूप-लोण्यासारखी घट्ट चरबी फार कमी करायला लावून त्यांच्यावर ३४ वर्षं लक्ष ठेवलं. पथ्य पाळणाऱ्यांचं बरं चाललं, असं त्यांनी १९९० साली छापलं. पण तुलनेला दुसरा गट ठेवलाच नव्हता, त्यामुळे गुण आहाराचाच होता असं म्हणता येत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी सरळ सांगितलं, हे दुखणं बरं करणारा आहार अजून कोणी सिद्ध केलेला नाही. चारचौघांनी खावं तसं चौरस खा, वजन वाढू देऊ नका, हाडं सांभाळा, पोट साफ ठेवा.

तुम्हाला मी हेच लिहून दिलं, तंतुमय पदार्थ, कॅल्शियम वगैरे दवाखान्याच्या भाषेत. तुम्ही वाचून घेतलंत आणि म्हणालात, “म्हंजे आमच्या सासूबाई खात होत्या ते.” मग ज्वारीच्या कण्या ताकात कालवून आल्या, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी आली, चिवळ आली, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तर मूठभर. हाडांसाठी दही आणि तिळाची चटणी. मासे तुमच्या चुलीवर चालत नाहीत, म्हणून रोज जवसाची चटणी. माशातल्या तेलाची सर जवसाला येत नाही, हे मला माहीत आहे. पण चटणी अशी झकास की त्या निमित्ताने भाकर पोटात जायची. सावजीची तर्री मात्र महिन्यातून एकदाच, तीही तुम्ही वरचं तेल काढूनच द्यायचात. त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मला कोणीतरी दिल्या होत्या, मनानेच सुरू करणार होते. “दवाईचं डॉक्टरले इचार, जेवणाचं मले,” असं तुम्ही झापलंत. बरं केलंत. ते जीवनसत्त्व अंगात अती साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मी आधी रक्त तपासलं, मग डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घेतलं.

पाण्याचं तुम्ही कसं ओळखलंत ते मला अजून कळलेलं नाही. या दुखण्यात लघवीला एकदम घाईची लागते. ऑफिसातलं बाथरूम एक मजला खाली, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. परिणाम व्हायचा तोच झाला, आठवडा आठवडा पोट साफ नाही आणि लघवीला जळजळ. ताकाची बाटली भरलेली वापस गेली, दोनदा. तिसऱ्यांदा एका मोठ्या बाटलीच्या जागी तीन छोट्या आल्या. थोडं थोडं, दिवसभर, आणि रात्री झोपायच्या आधी नाही. चहा चारवरून दोनवर आणा हे डॉक्टर म्हणाले होते. मी ऐकलं नव्हतं, तुमचं ऐकलं.

आणि आपला मे महिना! अंग जरा तापलं तरी या दुखण्यात सोललेल्या नसांमधून निरोप नीट जात नाही. १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने हे लिहून ठेवलं आहे, त्याच्या रोग्यांना श्रम झाले की अंधुक दिसायचं. माझं तसंच. गॅसपाशी दहा मिनिटं उभी राहिले की डोळ्यापुढे धुकं, पायाचं लाकूड. अंग गार झालं की पुन्हा ठीक, नवी इजा होत नाही. पण ४५ अंशात स्वयंपाक कोण करणार? (या आजाराचा जागतिक दिवस ३० मेला असतो. म्हणजे ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत! नागपूरकराला विचारून ठरवला नसणार.) नवतप्यात तुम्ही डबा सकाळी आठलाच पाठवायचात, गारच खायचा असा, दहीभात, काकडी, कैरीचं पन्हं, त्यात साखर बेताची.

मेसच्या बाकी पोरांपेक्षा माझ्या डब्याला दुप्पट खटपट. तरी पैसे तेवढेच. आणि सगळ्यांचे २०० रुपये वाढले तेव्हा माझेही वाढवलेत. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, कारण तुम्हाला सांगते, दवाखाना लागल्यापासून मला सगळीकडे सूटच मिळत होती.

आता मी स्टुलावर बसून थोडं थोडं रांधते. भाजी संध्याकाळीच चिरून ठेवते, पंखा पायाशी. चटणी तुमच्यासारखी होत नाही, जवस बहुतेक जास्त भाजला जातो.

तुमचा तो एक डबा माझ्याकडेच राहिलाय, फडक्यासकट. रिकामा वापस द्यायचा नाही, म्हणून चटणी भरून ठेवली आहे, जळकी तर जळकी. सोमवारी सुट्टी आहे, ऊन उतरलं की येते. जिना चढून मीच येणार, तुम्ही खाली उतरू नका.

तुमची,
दुसऱ्या माळ्यावरची पोरगी