आप्पा, तुमच्या बॉयलरवर आमचं जग चाललंय

ती. स्व. आप्पांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं घरी येऊन सांगता आलं असतं, पण तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय पावसापाण्यावर नेला असता. म्हणून लिहूनच काढतोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मराठीतून स्वतःची खेळजगं रचणारी मुलंमुली आता बरीच आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती लागावं, असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांना थोडी ओळख करून देतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, एकाने जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, असा तो खेळ. छापील जग विकत मिळतं, पण आम्ही दर रविवारी खेळतो ते जग घरचं, होमब्रू. त्यात जादूही आहे आणि वाफेची यंत्रंही. आप्पा म्हणजे आमच्यातल्या एका खेळाडूचे आजोबा. उमेदीची सुरुवात सोलापूरच्या एका गिरणीत लँकेशायर या जुन्या धाटणीच्या बॉयलरवर झाली आणि पुढे निवृत्तीपर्यंत कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट.

आप्पा, त्या दिवशी आम्ही तुमच्या ओसरीवर नकाशा पसरून बसलो होतो. सातमाळ नावाचं पठार, त्यावर सात शहरं, तांब्याची यंत्रं, मंत्राने तापणाऱ्या भट्ट्या. तुम्ही नकाशा नीट पाहिलात, चष्मा पुसून पुन्हा पाहिलात आणि विचारलंत, "पाणी कुठनं येतंय? आन् जळण? तेवढं सांग आदी. जादू मागनं." या दोन प्रश्नांवर आमचं अर्धं जग उभं आहे.

जादू आणि वाफ एकत्र आणणारी जगं मी बरीच पाहिली आहेत. त्यांत पितळी चष्मे असतात, हवेत तरंगणारी जहाजं असतात, उंच टोप्यांतले संशोधक असतात. भट्टीपुढे उभं राहून जळण कोण लोटतं, ते बहुतेक जगांत दिसत नाही. जळण लोटणाऱ्याचं नाव-गाव ठाऊक नसलं की यंत्र नुसती शोभा होतं, असं माझं आता ठाम मत आहे. ते मत तुमच्यामुळे झालं.

पाण्याचं उत्तर आजींनी दिलं. त्यांनी साती आसरांची गोष्ट सांगितली. विहिरीत, डोहात राहणाऱ्या सात जणी. त्यांना हळदकुंकू, बांगड्या, दहीभात द्यायचा आणि तिन्हीसांजेला पाण्यावर उगाच रेंगाळायचं नाही. ते ऐकता ऐकताच ठरलं की सातमाळच्या प्रत्येक बॉयलरमध्ये कुठल्या तरी आसरेचं पाणी असणार. तिला न विचारता पाणी उचललं तर यंत्र चालेल, पण शिट्टी कधी वाजणार नाही, आणि शिट्टी न वाजणारं यंत्र दिसलं की गावकरी वाट सोडून उभे राहतील. पाण्याचं एवढंसं थेंब वाफ झालं की सुमारे १,७०० पट जागा मागतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आजी पटकन म्हणाल्या, "मग तीच की, कोंडली की रागावणार." वाफेचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

जळणाचं उत्तर तुमच्या कारखान्यातून आलं. ऊस आत जातो, रस निघतो, आणि उरलेलं चिपाड बॉयलरखाली जातं. त्याच वाफेवर पुढचा ऊस पिळला जातो आणि रस आटतो. "ऊसच माल, ऊसच जळण," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. सातमाळवर उसाच्या जागी नवस आहेत, बोललेले पण न फेडलेले. झाडांना बांधलेले दोरे, देवळाच्या पायरीवर अर्धवट सोडलेली वाक्यं, हे सगळं गोळा करून मोळ्या बांधून सातांपैकी एका शहरात, उगवाईनगरच्या कारखान्यात येतं. पिळून निघतो तो दिलासा. त्याचे खडे करून सातही शहरांत विकतात. जे चिपाड उरतं त्यावर शहराची भट्टी पेटते.

आणि मग ते नवस तोडून आणतं कोण, हा प्रश्न आपोआप आला. तुम्ही बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांबद्दल बोललात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची, कारखान्याच्या कडेला कोप्या टाकून राहायचं, थंडीत पहाटे फडात उतरायचं. तुम्ही हे सांगताना आवाज चढवला नाहीत, पण बॉयलरवर रात्रपाळीला असताना गाड्यांच्या रांगेतल्या लहान पोरांना ऊब मिळावी म्हणून तुम्ही काय करत होतात, तेही त्याच ओघात सांगून गेलात. आमच्या खेळात पाच जणांपैकी तिघांनी आपली माणसं नवसतोड्यांच्या टोळीतली निवडली. राजपुत्र किंवा महाजादूगार व्हायची मुभा असताना त्यांनी हे निवडलं, याचा मला फार आनंद आहे.

आता तुमच्या काचेबद्दल.

बॉयलरच्या पुढ्यात पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. "काच सोडली की बॉयलर सोडला," हे तुम्ही तीनदा तरी बजावलंत. पण खरी मोलाची गोष्ट त्यापुढची होती. काच खोटी पातळीही दाखवू शकते. नळीची वाट गाळाने बुजली की आत पाणी कमी असताना काचेत मात्र ते शांत उभं दिसतं. म्हणून दर पाळीला कॉक उघडून काच फुंकून घ्यायची आणि पाणी पुन्हा भरभर चढतंय का ते बघायचं. आमच्या खेळात आता प्रत्येक मांत्रिकापुढे दोन पट्ट्या असतात, एक दाबाची आणि एक पाण्याची. मंत्र म्हटला की दाब वापरला जातो, पाणी घटतं. पाण्याची पट्टी खेळाडूला दिसते, पण खरी पातळी फक्त मला ठाऊक असते. खात्री करायची तर काच फुंकावी लागते. त्यात एक खेळी जाते आणि एवढा मोठा फुस्कारा होतो की जवळपासच्या शत्रूला कळतं. साधा नियम आहे, पण त्याने टेबलावर जो ताण येतो तो मी आजवर कुठल्याही नियमाने आणू शकलो नव्हतो.

गेल्या महिन्यात तुमच्या नातवाची पाळी होती. त्याचा मांत्रिक खिंडीत अडकला, काच फुंकली, आणि काचेत पाणीच दिसेना. सगळे ओरडले, पाणी घाल! तो थांबला. त्याने तुमच्याकडून ऐकलं होतं की काच रिकामी दिसली तर पाणी लोटायचं नाही, आधी विस्तव ओढायचा. कोरडा पडून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की क्षणात एवढी वाफ होते की बॉयलर फुटू शकतो. त्याने सगळे मंत्र सोडून दिले, भट्टी विझवली आणि नुसत्या काठीनिशी उभा राहिला. टोळीतल्या दोघी त्याला पाठीवर घेऊन खिंडीबाहेर आल्या. आप्पा, त्या रात्री कुणीही फासा टाकून राक्षस मारला नाही, तरी आमच्या सगळ्या खेळातला तो सर्वांत शूर प्रसंग आहे.

लँकेशायर बॉयलरच्या भट्टीवरच्या फ्युजिबल प्लगचंही तसंच. पाणी खाली गेलं की त्यातला मऊ धातू वितळतो, त्या भोकातून वाफ आणि पाणी विस्तवावर येतं आणि माणसाला इशारा मिळतो. जगात इतकी मायाळू वस्तू मी दुसरी पाहिली नाही. स्वतः वितळून जायचं आणि उभ्या माणसाला वाचवायचं, एवढ्यासाठीच ती बसवलेली असते. सातमाळचा प्रत्येक मांत्रिक गळ्यात शिशाची एक टिकली घालतो. पाणी संपलं तर टिकली वितळते, हंगाम संपेपर्यंत त्याची जादू जाते, पण जीव राहतो. नवी टिकली दुसऱ्या कुणीतरी ओतून द्यावी लागते, स्वतःची स्वतःला ओतता येत नाही. हा शेवटचा भाग माझा आहे. तुम्हाला पटतो का ते सांगा.

तुमची सगळ्यांत भारी गोष्ट मात्र साखरेची. वाफ रस आटवून झाली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते पाणी परत बॉयलरला जातं. त्यात रसाचा अंश मिसळला तर बॉयलरमध्ये फेस येतो, पाणी आम्लधर्मी होतं, नळ्या खराब होतात. म्हणून प्रयोगशाळेत त्या पाण्यात अल्फा नॅफ्थॉल आणि गंधकाम्ल टाकून बघतात आणि साखर असली की जांभळी कडी उमटते. साखर कारखान्यातल्या बॉयलरचा वैरी म्हणजे साखरच! हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. आमची सध्याची अख्खी मोहीम त्यावर आहे. उगवाईनगरच्या परतीच्या पाण्यात कुणीतरी दिलासा मिसळतंय. यंत्रं हळूहळू समाधानी होत चालली आहेत, दाब चढत नाही, आणि शहरातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण तेही तेच पाणी पितात. टोळीतल्या एका मुलीला तपासणीच्या वाटीत जांभळी कडी दिसली आहे. पुढे काय होणार ते इथे लिहीत नाही, खेळाडू हे पत्र वाचणार आहेत.

कायद्याचं तुम्ही सांगितलंत तेव्हा आधी मला ते खेळात कसं बसेल हे दिसत नव्हतं, आणि आता तपासनीस हे सगळ्यांचं लाडकं पात्र आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला आणि १९२३ मध्ये सगळ्या देशासाठी बॉयलर कायदा आला. महाराष्ट्रात त्यासाठी बाष्पके संचालनालय आहे. तुमच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट त्या साखळीतलं. सातमाळवरही मांत्रिकाला परवाना लागतो, आणि तपासणी होते ती गार पाण्याने, अगदी तुमच्या हायड्रॉलिक टेस्टसारखी. बॉयलर गच्च पाण्याने भरून दाब द्यायचा, वाफेने नाही, कारण गार पाण्याखाली फट सापडली तर नुसती गळती होते, स्फोट नाही. आमची तपासनीस बाई मांत्रिकाला थंड डोहात बसवून त्याच्याकडून त्याचा सर्वांत अवघड मंत्र म्हणवून घेते. कुठे चिरतोय ते तिथेच कळतं.

भोंग्याबद्दलही लिहायला हवं. सोलापुरात गिरण्यांच्या भोंग्यांवर घरचा स्वयंपाक ठरायचा आणि कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा हे लहान पोरही आवाजावरून सांगायचं, हे तुम्ही सांगितलंत आणि सातही शहरांना सात आवाज मिळाले.

गेल्या हंगामाआधी तुम्ही आम्हाला कारखान्यावर अग्निप्रदीपनाला घेऊन गेलात. बॉयलरची पूजा, नारळ, हार, मग पहिला विस्तव. आजूबाजूला हेल्मेट घातलेले इंजिनिअर हात जोडून उभे होते आणि दाबमापकावरही नजर होती. यंत्रयुग आणि मंत्रयुग एकत्र कसं आणायचं याचा विचार मी नकाशे आणि नियम घेऊन करत बसलो होतो. इथे ते दोन्ही एकाच भट्टीपुढे उभे होते आणि कुणालाही त्यात काही जोडल्यासारखं वाटत नव्हतं. तेव्हापासून आमच्या जगात जादूगारांचा गट वेगळा आणि यंत्रवाल्यांचा गट वेगळा, अशी विभागणीच राहिली नाही. जो भट्टी पेटवतो तोच हात जोडतो.

तुम्ही आमच्या खेळाला कधी पोरखेळ म्हटलं नाहीत. पन्नास प्रश्न विचारले तरी प्रत्येकाला कामावरच्या माणसाला द्यावं तसं उत्तर दिलंत, आणि जिथे आम्ही मनानेच काही रचलं तिथे "हे बसतंय" किंवा "हे बसत न्हाई" एवढं स्पष्ट सांगितलंत. यासाठी मी तुमचा फार ऋणी आहे. आजींचाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता एक काम. टोळीला पुढच्या हंगामात घाट चढायचा आहे आणि तिथे रेल्वे लागणार. खंडाळ्याच्या घाटात १८६३ ला सुरू झालेल्या मार्गावर ३७ फुटांमागे एक फूट असा चढ होता आणि गाडीला मध्येच दिशा उलटून चढावं लागायचं, इतपत मी वाचलंय. पण इंजिनावर उभा राहिलेला माणूस मला माहीत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये असलेले तुमचे ते मित्र अजून बोलतात का? येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो, तुम्ही सोबत आलात तर दोघांची भेटही होईल. विचारायचे प्रश्न तुमच्या नातवाकडे लिहून दिले आहेत, त्यातले कुठले आधी विचारायचे ते तुम्हीच ठरवा.

कळावे, लोभ आहेच, वृद्धिंगत व्हावा.

आपला,
रविवारच्या टेबलावरचा गेममास्टर