मंत्री साहेब, डायव्हर्जनचा बोर्ड आधी लावा

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-गोवा हायवेवर अपघात झाला की बातमी ठरलेली असते, चालकाचा ताबा सुटला. पण ताबा ठेवायला त्याला वेळ तरी मिळाला होता का हे कोणच विचारत नाही साहेब.

आपले हायवे ज्या आयआरसीच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, नियमांनी डिझाइन होतात त्यातच लिहिलंय, अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत 2.5 सेकंद धरायचे. 80 च्या स्पीडला तेवढ्यात गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते, मग थांबेपर्यंत सगळं मिळून 120 मीटर. रात्री समोरून गाडी आली की आपण डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या उजेडावर येतो, त्या उजेडात 120 मीटर दिसतं कोणाला? रस्त्यात बसलेली काळी म्हैस तर बोनेटजवळ आल्यावरच कळते.

संगमेश्वर-लांजा पट्ट्यात रात्री चाललात की चौपदरी रस्ता एकदम संपतो, पुढे सिमेंटचे ब्लॉक, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि बाणाचा बोर्ड त्या ब्लॉकलाच टेकवून ठेवलेला. मग माणूस स्टेअरिंगच फिरवणार ना! पण टायरची पकड ब्रेकला गेली की वळायला कमी उरते, त्यात आमचा पाऊस. 2019 पासून नव्या कारना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं ते फार चांगलं झालं, पण वडापच्या जुन्या जीपला ते नाही, जोरात ब्रेक दाबला की चाकं लॉक, स्टेअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाते. आणि कट मारून जायचं तरी कुठे, डावीकडे साइडपट्टी खचलेली आणि उजवीकडून एसटी येतेय.

काम चालू असलेल्या रस्त्यासाठी आयआरसीची एसपी 55 गाईडलाइन आहे, आधी लांबून सूचना, मग रस्ता हळूहळू अरुंद करायचा, मग कामाची जागा. नवीन काहीच मागत नाही, आहे तेच करा. आमची माणसं जातात हो यात.

गणपतीला चाकरमानी रात्रीचेच निघतात. त्याआधी प्रत्येक डायव्हर्जनच्या बऱ्याच अलीकडे बोर्ड आणि लुकलुकणारे दिवे लावून घ्या. आणि ठेकेदाराचं बिल पास करताना दुपारी काढलेला फोटो चालवून घेऊ नका, रात्रीचा मागा, डिपरच्या उजेडात 120 मीटरवरून काढलेला.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक रहिवासी