चिनू यंदा महिनाभर येणार नाही

तीर्थरूप आई आणि नाना यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली, तेव्हाच कळलं की बरं वाटलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

आखाजीला आम्ही येऊ, चार दिवस राहू. मग मात्र चिनू माझ्याबरोबर धुळ्याला परत येईल. इथल्या वाचनालयाने दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांना सुट्टीत मदतीला बोलावलंय आणि मी संमतीपत्रावर सही करून मोकळी झालेय. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही नाही म्हटलं नसतं, गप्प बसला असता, आणि मग माझ्याच्याने सही झाली नसती.

नाना, "शाळकरी पोरले कामले काबर लावं?" असं तुम्ही म्हणणारच. कामाला लावलेलं नाही हो. चौदाच्या आतल्या मुलांना कायद्यानेच कामावर ठेवता येत नाही. ही पंधरा पूर्ण झालीय, पगार नाही, सकाळी आठ ते अकरा एवढंच. उन्हं चढायच्या आत घरी. वाचनालय 1967 च्या कायद्याखाली मान्यता असलेलं, अनुदानावर चालणारं. म्हणजे कपाटं भरपूर आणि माणसं मोजकी. मुलं आली की त्यांनाही हायसं वाटतं.

पहिले दोन दिवस तिने नुसती वर्तमानपत्रं लावली आणि तोंड फुगवून घरी आली. आता परत आलेली पुस्तकं क्रमांक बघून जागेवर ठेवते. मराठी कविता 891.461, मराठी कादंबरी 891.463. एक आकडा चुकला की कादंबरी कवितांत जाऊन बसते, आणि मग ती हरवल्यातच जमा, असं ग्रंथपालबाई म्हणतात. दोनदा चुकली, दोनदा सगळं फडताळ पुन्हा लावावं लागलं. घरात स्वतःची चादर न घडी करणारी पोरगी, आई! दाखल नोंदवहीतल्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायचं कामही तिच्याकडे आहे. पेन्शनर आजोबांना मोबाइलची अक्षरं मोठी करून देते. शनिवारी बालविभागात गोष्ट सांगते. मागच्या शनिवारी तुझी चिमणी-कावळ्याची सांगितली, अहिराणीतून, तुझ्यासारखी मान हलवून.

पैसे मिळत नाहीत, हे खरं. जाऊबाईंचा मुलगा कॉलेजच्या ग्रंथालयात 'कमवा व शिका'मध्ये बसतो, त्याला तासांप्रमाणे मिळतात. चिनूला फक्त प्रमाणपत्र मिळेल. पुढे वाटलंच तर दहावीवर ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्गही करता येतो. पण मी तिला काही सुचवत नाहीये, तुम्हीही सुचवू नका.

नाना, तुम्ही अमळनेरहून बाजार करून यायचात, तेव्हा सायकलच्या पिशवीत मेथीखाली माझं पुस्तक असायचं. पानांना ओल लागलेली असायची, आणि मी ती चुलीजवळ धरून वाळवायचे. पंधराव्या वर्षी तिथल्या वाचनालयातल्या बाईंनी मला सुट्टीत नोंदी लिहायला बोलावलं होतं. आई नको म्हणाली. दिवस तसेच होते, आत्याचं ते सगळं नुकतंच झालेलं. मी उगाळत नाहीये, आई, खरंच नाही. सही करताना आठवलं, एवढंच.

आता नीट ऐका. कूलर झाकून ठेवायला आणलेला नाही, दुपारी लावायचा. नाना, अकरा ते पाच शेतात पाऊल टाकायचं नाही, केळीला पाणी सालदार देईल. रक्तदाबाची गोळी पत्ता संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही. आई, बिबडे आणि कुरडया यंदा एकटीने घालायच्या नाहीत, बायांना बोलव, मजुरी मी देते. मांड्यांचाही घाट नको. बरं, अगदीच वाटलं तर आम्ही आल्यावर कर. खापर चिनू पेटवेल, तू खाटेवर बसून सांग. आणि पुढची दिवाळी पूर्ण तुमच्याकडे, वहीत लिहून ठेवा.

एक राहिलं. नाना, दिवाळीत माझ्या कार्डावरचं पुस्तक तुम्ही वाचायला ठेवून घेतलं होतं. ते चिनूला थकलेल्या पुस्तकांच्या यादीत सापडलं. तिने स्वतःच्या अक्षरात स्मरणपत्र लिहिलंय, "सभासदाचे वडील यांस" असं. सोबत पाठवतेय. आखाजीला पुस्तक काढून ठेवा, नाहीतर ती दंड लावेल.

तुमची,
बेबी