गॅस भरायच्या आधी डिफ्रॉस्टचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात पावसाळ्यात घरातल्या वस्तूंची काळजी कशी घ्यावी ते आलं होतं, छान होतं, पण फ्रिजबद्दल फक्त 'मागची धूळ पुसा' एवढंच. म्हणून लिहितेय, कारण आमचा फ्रिज जूनमध्ये बर्फाने बसला आणि साडेतीन हजार थोडक्यात वाचले.

आम्ही चिपळूणला राहतो. 1 जूनपासून मासेमारी बंद होते ती जुलै संपेपर्यंत, त्यामुळे मेच्या शेवटी बांगडे, कोलंबी, सुरमईचे तुकडे असं सगळं डब्यात भरून फ्रीजर गच्च. फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, दहा वर्षं जुना. आठवड्याभरात वरून पंखा कशालातरी घासल्यासारखा खर्रखर्र आवाज यायला लागला, मग खालचं दूध नासायला लागलं आणि गंमत म्हणजे वरचे मासे मात्र कडक. कंपनीचा माणूस आला, हात लावून बघितलं, पाचच मिनिटांत म्हणाला गॅस गेलाय ताई, साडेतीन हजार होतील. पॅनल उघडूनसुद्धा बघितलं नाही हो!

मग आमच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी फ्रीजरचं मागचं पॅनल काढलं तर आत कॉइल (थंडावा देणाऱ्या नळ्या) दिसेचना, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पांढरी भिंत. काका म्हणाले, गॅस कमी असता तर एका टोकालाच बर्फ धरला असता आणि बाकीची कॉइल कोरडी राहिली असती, इथे तर सगळीकडे सारखा आहे, म्हणजे गॅस ठीक, डिफ्रॉस्ट होत नाहीये, साठलेला बर्फ वितळवला जात नाहीये. थंड हवा त्या बर्फातून खाली जाणारच कशी, म्हणून दूध नासत होतं.

मला आत्तापर्यंत वाटायचं फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होतच नाही. होतो, पण दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर लागतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये जाऊन वाळतं. हे सगळं जुन्या मॉडेलात एक छोटा टायमर करतो, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. काकांनी त्याची खाच स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवली, टक् झालं, कॉम्प्रेसर गप्प, आणि थोड्या वेळाने आतून चर्र आवाज, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. म्हणजे हीटर चांगला होता, सेन्सर चांगला होता. गोची टायमरमध्ये होती. आधी कधीतरी कुणीतरी बदलताना 12 तासांचा बसवला होता, आमच्या मूळच्या 8 तासांच्या जागी. एरवी चालून गेलं असेल, पण कोकणातला पाऊस, हवेत एवढा दमटपणा, घरात मुलं दर दहा मिनिटांनी दार उघडणार, त्यात वीज गेली की टायमरही थांबतो आणि वीज आली की राहिला तिथून पुढे मोजतो. बर्फ जास्त आणि वितळायला वेळ कमी, मग साठतच जाणार ना.

8 तासांचा टायमर साडेतीनशेला मिळाला. शिवाय पाणी जायचं भोकही शेवाळ आणि कोथिंबिरीच्या काडीने बुजलं होतं, ते कोमट पाण्याने मोकळं केलं. मी म्हटलं 6 तासांचाच बसवा की, तर काका हसले, म्हणाले उगाच सारखा हीटर लागला तर बिल वाढेल आणि मासे मऊ पडतील. दाराचं रबर मात्र त्यांनी नोट अडकवून तपासलं, खालच्या कोपऱ्यात नोट सहज निघून आली, तिथूनही दमट हवा आत जात होती.

हे घरी करून बघा असं मी म्हणत नाही, आत करंट असतो, टायमरच्या पिनाही मॉडेलप्रमाणे बदलतात. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये तर टायमर नसतोच, इलेक्ट्रॉनिक बोर्ड स्वतः ठरवतो. पण निदान विचारता तरी येतं की भाऊ, आधी पॅनल काढून कॉइल दाखव.

आणि ज्यांच्याकडे सिंगल डोअर आहे त्यांनी थंडावा कमीजास्त करायच्या नॉबमधलं लाल बटण वापरा, पाव इंच बर्फ झाला की दाबायचं, वितळला की ते आपोआप बाहेर येतं. आमच्या सासूबाई उलथन्याने बर्फ खरवडायच्या, एकदा सुस्स आवाज आला आणि फ्रिज गेला तो गेलाच, कारण फ्रीजरच्या डब्याच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. आता बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर600ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, त्यामुळे सुरी-उलथनं तर अजिबातच नको.

कंपन्यांना एवढंच सांगणं आहे, दारावर स्टार रेटिंगचं स्टिकर मोठं लावता, तसं त्या मॉडेलचा डिफ्रॉस्ट किती तासांनी आणि किती मिनिटांचा तेही छापा. आमच्या पुस्तिकेत बारा भाषांत 'फ्रिज सपाट जागी ठेवा' आहे, हे मात्र कुठेच नाही.

आपली,
एक वाचक, चिपळूण