झाकणामागचा कोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीळ करून राहणाऱ्या आदिम कोळ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. अशा विषयाला जागा दिलीत, बरं वाटलं. पण शेजारी चित्र छापलंत ते अंगणात गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याचं, आणि मथळ्यात ‘विषारी’. असलं जाळं हा कोळी विणतच नाही. विषाचं म्हणाल तर ते बहुतेक सगळ्याच कोळ्यांना असतं.

आमच्या जांबोटी भागात बिळातले कोळी कुणाला नवे नाहीत. आमच्या गोठ्यामागच्या तांबड्या दरडीत रुपयाएवढं गोल झाकण आहे. वर शेवाळ असं बेमालूम बसलंय की दिवसा बोट ठेवून दाखवलं तरी पाहुण्याला दिसत नाही. रात्री झाकण बारीक उघडं असतं आणि कडेला पायांची टोकं दिसतात. लहानपणी मी गवताच्या काडीने ते उचकटायला जायचो, तर आतून ओढ लागायची. कोळी झाकण आतून घट्ट धरून ठेवतो. आई ओरडायची, ‘त्याच्या दारात तुझं काय काम रे?’

‘आदिम’ म्हणजे मागासलेला नव्हे. घरातल्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात, याचे कुदळीसारखे वरून खाली येतात. पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. जाळेवाल्या बहुतेक कोळ्यांना एकच. जुनी घडण टिकून राहिली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आणि ‘नवी’ म्हणजे पुस्तकाला नवी. सह्याद्रीतल्या थ्रिग्मोपिअस या बिळातल्या केसाळ कोळ्यांना पोकॉक या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्ये नाव दिलं, तेव्हाही ते इथे होतेच. नाव देण्यासाठी एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, पायाचं पेर न् पेर मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं, आधीच्या वर्णनांशी ताडून पाहावं लागतं. त्यात खरी पंचाईत नराची. मादी जन्मभर बिळात. नर वयात आला की बीळ सोडतो, बहुधा पावसाच्या तोंडाला मादी शोधत फिरतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. प्रजाती ओळखायची ती बरीचशी त्याच्या तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकाची ठेवण बघून.

आता आमच्याकडचं बघा. नेमक्या मे महिन्यात गटारं काढायला जेसीबी येतो आणि गटाराबरोबर वरची दरडही तासून टाकतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाटेवरच्या दरडीत मी अकरा झाकणं मोजली होती. सांगायला गेलो तर जेसीबीवाला हसला, ‘काका, कोळीच ना?’ संध्याकाळपर्यंत दरड गिलावा केल्यासारखी गुळगुळीत.

पश्चिम ऑस्ट्रेलियात अशाच एका झाकणवाल्या मादीवर १९७४ पासून नजर ठेवली होती. २०१६ मध्ये तिचं बीळ मोडलेलं सापडलं, तेव्हा तिचं वय ४३ होतं. इथल्या माद्या तेवढ्या जगतात असं मी म्हणत नाही. पण पिल्लं सहसा आईच्या आसपासच बीळ करतात, म्हणजे एका दरडीतली अकरा झाकणं हा एकाच घराण्याचा वाडा असू शकतो. गटार काढायला माझी ना नाही. रस्त्यावर ढासळत नसेल ती दरड तेवढी सोडा, इतकंच म्हणणं आहे.

आपल्यालाही एक विनंती. पुढे अशी बातमी आली तर गाव छापा, नेमकी जागा नको. मोठे केसाळ कोळी पाळायला विकत घेणारे लोक जगात आहेत.

गोठ्यामागचं झाकण अजून शाबूत आहे. खरा फोटो हवा असेल तर पहिल्या पावसानंतर माणूस पाठवा, रात्री आठनंतर. फक्त पाय आपटत येऊ नका म्हणावं, हादरा बसला की ते मिटतं आणि मग तासभर उघडत नाही.

आपला,
एक वाचक,
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव